उजळलेली फळी

४ सप्टेंबर

आज लेकीच्या घरी आलो. पाहुणा म्हणून नाही, राहायलाच. हे लिहिताना मान खाली जाते, पण दिवस फार आनंदात गेला हेही खरं.

सुमोवाल्याने मला पुढे बसवलं आणि हत्यारांची पेटी टपावर न टाकता माझ्या पायाशी ठेवू दिली. वुलर सरोवर दिसायला लागलं तेव्हा पाण्यावर छान ऊन पडलं होतं. लेक झून फाटकातच उभी होती. पेटी माझ्या हातून हिसकावून घेत म्हणाली, बब, सगळं श्रीनगर भरून आणलंत का हिच्यात? तिचे तळहात काळेकुट्ट दिसले, मी ते धरून उलटेपालटे करून पाहिले. ती हसायला लागली. विसरलात ना, आक्रोड उतरवायचे दिवस आहेत. खरंच विसरलो होतो. अंगणात हिरव्या आक्रोडांचा ढीग, भोवती सालं सोलत बसलेलं सगळं घर, आणि सगळ्यांचे हात मनगटापर्यंत काळे. हा डाग साबणाला दाद देत नाही.

विहीणबाई, म्हणजे मोख्त देद, ढिगापलीकडूनच ओरडल्या की या, या, तुम्ही म्हणे लाकडाचे डाग काढता, आमचे हात काढा उजळून, मग तुम्हाला वुस्ता म्हणू! सगळे हसले. मीही हसलो. वुस्ता म्हणजे उस्ताद. ती उस्तादकी तर शिकाऱ्यांच्या आणि हाउसबोटींच्या लाकडातच राहून गेली. आता गुडघे वाकत नाहीत आणि मालकाने काम बंद केलं. बायको नाही, मुलगा नाही.

जावई अल्ताफने माझं अंथरूण चुलीमागच्या खोलीत उबेला घातलं. जेवताना दुसऱ्यांदा भात घ्यावा की नाही ते ठरेना. भूक होती, तरी नको म्हणालो. देद म्हणाल्या, का, आमच्या भातात खडे आहेत? आणि वाढलाच.

ही वही झूनने दिली. कुठल्या बोटीला कितवा हात मारला ते मी लिहून ठेवायचो, ती सवय तिला ठाऊक आहे. पाचवीपर्यंतची अक्षरं आहेत, पण तिला ती लागतात.

८ सप्टेंबर

काय करावं ते समजत नाही. सालं सोलायला बसलो तर झूनने दंडाला धरून उठवलं. बापाने राबू नये असं तिला वाटतं. बापाला नुसतं बसून काय वाटतं, ते तिला कसं सांगू? पहाटे जिन्याची पायरी करकरते, म्हणून सगळे उठेपर्यंत परसाकडेला जायचं दाबून धरतो. माझे बूट कुठे काढावेत याचाही घोर. दाराशी काढले तर येणाऱ्याला दिसतात, आत काढले तर घर आपलं समजल्यासारखं होतं.

देदचा या मोहल्ल्यात मोठा मान आहे. बाई वारली की अंघोळ घालायला देदच जातात. झून त्यांच्या हाताखाली पाणी ओतते. रस्त्याने जाताना मोठमोठे लोक थांबून देदला आधी सलाम करतात. मशिदीच्या मागच्या खोलीत मय्यत धुवायची फळी आहे, अखंड आक्रोडाची, कुणा पणजोबाच्या काळची. आहे मशिदीची, पण देद बोलताना माझी फळी म्हणतात.

१२ सप्टेंबर

मशिदीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी गनी चहाला आले होते. मागच्या खोलीला नव्या पांढऱ्या फरशा बसवल्यात. त्यात ती काळी फळी शोभत नाही, कुणी तरी स्टीलचं टेबल द्यायला तयार आहे, असं ते चाचरत म्हणाले. देदनी चहाचा समोवार खाली ठेवला. पोलादावर? बाई आधीच गार पडलेली असते हाजीसाहेब, तिला आणखी किती गारठवता? हाजी म्हणाले, देद, पण लोक बोलतात, ती फळी घाण दिसते. त्यावर देदनी मान खाली घातली. त्या मान खाली घालतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला राहवलं नाही. म्हणालो, घाण नाही ती. फळीत लोखंडी खिळे आहेत, वर सारखं पाणी, आणि आक्रोडाच्या लाकडात तोच रस आहे जो तुमच्या हातांना लागलाय. लोखंड, पाणी आणि तो रस एकत्र आले की काळं पडतं. मी काढून देतो. आम्लाने जातं.

देदनी माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्या माझ्याकडे सामानाकडे पाहावं तशा पाहायच्या. आज माणसाकडे पाहिलं. छाती भरून आली.

१५ सप्टेंबर

आजचं काम चांगलं झालं, म्हणून सगळं लिहितो.

फळी चौघांनी उचलून मशिदीमागच्या मोकळ्या जागेत आणली. बंद खोलीत हे काम कधी करू नये. आधी लोखंडी खिळे सगळे उपटले, त्या जागी लाकडी खुंट्या ठोकल्या. खिळे ठेवले असते तर डाग परत आला असता. प्लास्टिकच्या टबात गरम पाणी घेतलं, लोखंडी बादली नाही. त्यात आम्लाचे पांढरे कण विरेनासे होईपर्यंत टाकले. हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला फडकं. पोरांना हाकललं. चहा लांब ठेवला, हात धुतल्याशिवाय प्यायलो नाही. नुसत्या डागावर लावलं तर ठिपका पडतो, म्हणून अख्ख्या फळीवर सारखा हात मारला.

काळं डोळ्यांदेखत वितळत गेलं. पाठ टेकते तिथलं, टाचा टेकतात तिथलं, सगळं. देद पाहात उभ्या होत्या. म्हणाल्या, इतक्या बायका होत्या हो त्या काळ्यात.

मग भरपूर पाण्याने धुतलं. पण पाण्याने आम्ल वरवर जातं, लाकडात मुरलेलं मारायला सोडा लागतो. घरी चहाचा सोडा असतो तोच. झूनकडून डबा आणला, अर्धा संपवला, फळीवर फेस आला आणि बसला. घरी गेलो तर देद सगळ्यांसमोर म्हणाल्या, आमचे वुस्ता चहा पितात की सोडा खातात? आता या घरात चहा गुलाबी कशाने करू, त्यांच्या दाढीने? सगळे हसले. मीही हसलो. नंतर मात्र चहाचा कप तसाच बाजूला सरकवला.

१६ सप्टेंबर

डोक्याच्या बाजूला सावली राहिली होती, म्हणून आम्लाचा दुसरा हात दिला. आता फळी सोललेल्या बदामासारखी दिसते. पाण्याने धुतली, दोनदा.

सोडा आणायला घरी गेलो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. आत देद भाकरीचं पीठ मळत होत्या. कालची सोड्याची थट्टा आठवली. चपला शोधल्यासारखं केलं आणि परत आलो. बाजार बंद होता, काही तरी हरताळ. हाजी घाई करत होते, उद्या जुम्मा आहे, लोकांना दाखवू. मनाला म्हटलं, एवढं पाणी ओतलंय, पुरे.

फळी आत ठेवली.

१७ सप्टेंबर

नमाजनंतर सगळे फळी बघायला आले. हाजींनी मला पुढच्या रांगेत बसवलं. स्टीलच्या टेबलाचा विषय संपला. देदनी घरी माझ्या पानात स्वतःच्या हाताने मटण वाढलं आणि सरळ वुस्ता म्हणाल्या, टोमणा न मारता.

आज बाजार उघडा होता. सोडा मिळाला असता. पण आता पुडा घेऊन गेलो असतो तर कुणी तरी विचारलंच असतं, काम राहिलं होतं का? इतक्या कौतुकानंतर मला ते जमलं नाही.

२३ सप्टेंबर

मागच्या गल्लीतली म्हातारी फाझी वारली. देद आणि झूनने अंघोळ घातली. परत आल्या त्या वेगळ्याच आनंदात. झून सांगत होती, बब, फाझीच्या तोंडावर सुरकुत्यांचं जाळं होतं ना, पाणी घालता घालता सगळं गेलं, सोळा वर्षांच्या पोरीसारखा चेहरा झाला. बायका म्हणाल्या, नूर आला, तेज आलं. पुण्यवान होती. कुणी म्हणालं, फळीचाही गुण असेल, वुस्ताच्या हाताचा.

देदनी तळहात पुढे केले. आक्रोडाचा काळा रंग एकदम गेलेला. पाहिलंत? शेवटी तुमच्या औषधानेच उजळले!

सगळे हसले. मला हसता आलं नाही. तिथे आम्ल होतं तर. मी मोजे घातले होते. त्यांनी नाही.

झून नुसतं पाणी ओतते. ती हात लावत नाही. मी तिला विचारून घेतलं.

२७ सप्टेंबर

सकाळी देदच्या हातून कप पडला. म्हणाल्या, कळलाच नाही हातात आहे ते. नखं निळसर झालीत. हे आम्लाने होतं, मी पाहिलंय. आमच्या कामावर एकाची बोटं गेली होती.

मी म्हणालो, कोमट पाण्यात हात बुडवा, सोडा घालून. देदनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. म्हणाल्या, सोड्याने काय होतं वुस्ता? मी म्हणालो, बरं वाटतं. एवढंच म्हणालो.

१ ऑक्टोबर

हाजींची वहिनी वारली. मी देदला म्हणालो, तुमचे हात बरे नाहीत, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्या म्हणाल्या, माझी फळी आहे, मी नको जाऊ? मग म्हणालो, हातात मोजे घाला. त्या चिडल्याच. बाईच्या शेवटच्या अंघोळीला रबर? मी काय संडास धुते आहे?

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. अल्ताफ तिथे बसला होता, शेजारची बाई होती. सासऱ्याने आयुष्यभर केलेल्या कामातच चूक केली आणि लपवली, हे त्यांच्यासमोर—

नाही सांगितलं.

वहिनीच्या कपाळावर लहानपणीच्या घावाचा वण होता. धुतल्यावर नव्हता. या वेळी नूर कुणी म्हणालं नाही. बायका पटापट निघून गेल्या.

२ ऑक्टोबर

देदच्या तळहातावर रेषा नाहीत.

एकही नाही. बोटांची पेरंसुद्धा दिसत नाहीत. रंध्याने तासल्यासारखे हात झालेत. उन्हात धरले तर कातडीच्या आत लांब लांब तपकिरी धागे दिसतात, ओल्या लाकडात दिसतात तसे.

डॉक्टरने मलम दिलं. विचारलं, कशाला हात लागला होता? देद म्हणाल्या, आक्रोडाला. मी तिथेच होतो.

हे आम्लाचं काम नाही. आम्ल जाळतं, बोट कुजवतं. रेषा नेत नाही. पण याला दार मी उघडलं, एवढं मला कळतं.

४ ऑक्टोबर

भर दुपारी गेलो. सोड्याचे पुडे आणि मोजे घेऊन. खोलीत लख्ख उजेड होता, पांढऱ्या फरशांवर डोळे दिपत होते.

फळीवर रेघा आहेत. लाकडाच्या नाहीत. लाकडाची रेघ मला डोळे मिटूनही कळेल, ती एका दिशेने जाते. या एकमेकींना छेदतात. मधोमध, जिथे धुणारी हात टेकते, तिथे तळहाताच्या रेषा आहेत, दोन हातांच्या. डोक्याच्या बाजूला डोळ्यांच्या कडेला पडतात तशा सुरकुत्या. कपाळाचा वण.

काळं होतं तेव्हा फळी भरलेली होती. मी तिला कोरी केली, आता ती पुन्हा भरतेय.

सोडा टाकला. फेस आला. बसेना. येतच राहिला, फरशीवर उतरला, दाराकडे यायला लागला. मी पळालो. मोजे तिथेच राहिले.

कुणी विचारलं तर काय सांगू, एवढंच मनात होतं. पळतानासुद्धा.

७ ऑक्टोबर

देदनी मला एकट्याला बोलावलं. हात चादरीखाली होते. कोपरापर्यंत चढलंय.

म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आला होतात. मी पाहिलं. सोडा मागायला आलात हेही कळलं. पहिल्या दिवशी मी थट्टा केली आणि मग डबा वरच्या फळीवर डाळीमागे लपवून ठेवला होता. तुम्ही चपला शोधल्याचं सोंग केलंत, मी पीठ मळल्याचं. मूठभर सोडा हो, वुस्ता. मूठभर.

मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, उठा, व्याह्याने पाय धरू नयेत, लाज वाटते. मग हळूच म्हणाल्या, झूनला सांगू नका. तिच्या सासूने तिच्या बापाला चहाच्या सोड्यावरून लाजवलं, हे तिला कळायला नको.

मी बरं म्हणालो.

आणि मला हलकं वाटलं. ते लिहायलाच हवं. त्या बाईचे हात लाकूड होत होते आणि मला वाटलं, चला, आता सांगावं लागणार नाही.

९ ऑक्टोबर

अल्ताफ देदना श्रीनगरला घेऊन गेला. हॉस्पिटलात. झून घरी. माझ्यासाठी भात शिजवते. मी खातो. कसा खातो—

खोलीत फेस दिसला असं कुणीच म्हणालं नाही. हाजींना म्हणालो, फळी जाळून टाका. ते म्हणाले, का? मी म्हणालो, जुनी झालीय. ते म्हणाले, वुस्ता, तुम्हीच तर नवी केलीत.

११ ऑक्टोबर

अल्ताफचा फोन. देद गेल्या.

झून ओरडून रडली नाही. भिंतीला टेकून बसली. म्हणाली, उद्या आणतील. अंघोळ मी घालणार. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, त्यांनी मला शिकवलंय.

सांगितलं पाहिजे. ती समोर बसलीय आणि मी हे लिहितोय.

म्हणालो, झूनी, मोजे घाल. ती म्हणाली, बब, आज तरी नको.

१२ ऑक्टोबर

खोलीत आहे. आतून कडी लावली. फळीवर मीच झोपलोय, म्हणजे दुसऱ्या कुणाला ठेवता येणार नाही. एवढंच सुचलं.

पाठ गार पडली. दुखत नाही. काहीच होत नाही, तेच—

बाहेर मय्यत आलीय. बायका आहेत. हाजी दार वाजवतायत. काय चाललंय हे, म्हातारा बिघडला का? अल्ताफ म्हणतो, माझ्या आईला दारात ताटकळत ठेवताय, शोभतं का? पेन्सिल धरलेली कळत नाही. बघून बघून लिहितो.

झून दाराला टेकलीय. आवाज ओळखू येतो. बब, सगळे बघतायत. माझी लाज ठेवा. उघडा.

मोठ्याने सांगायला तोंड उघडलं. इतक्या लोकांत— नाही निघत. म्हणून लिहितो. पान फाडून दाराखालून सरकवतो. झूनला माझं अक्षर लागतं.

झून, फळीला हात लावू नकोस. मी दुसऱ्या दिवशी सोडा घातला नाही. मागायची लाज वाटली. देदचे हात माझ्यामुळे गेले. देद माझ्यामुळे—

ती म्हणते, फळी घाण आहे म्हणून अडवताय का? घाण नाही बब. काल तुम्ही झोपलात तेव्हा मी येऊन घासलीय. देदसाठी. माझ्या हातांनी, चांगली जोर लावून—

नाही

ती म्हणते, काय लिहिलंय ते द्या मग. द्या इकडे.

दाराखालून हात आत आलाय. पान मागतेय. झूनचाच. पांढरा. बोटांवर एकही रेघ—

झूनी, हात मागे घे, इकडे फरशीवर तोच फेस पुन्हा